निळ्यावर सोनेरी क्रूस: रविवार पेठेत शिवलेला स्वीडनचा झेंडा

दापोडी ते चिंचवड या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर स्वीडनशी नातं सांगणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. आल्फा लाव्हाल, सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, एसकेएफ ही नावं इथल्या कामगारांच्या तोंडी दोन-तीन पिढ्या आहेत. चाकणला टेट्रा पॅक आहे. त्यामुळे ‘पाहुणे स्टॉकहोमहून येतायत, झेंडा लागेल’ ही मागणी पुण्यातल्या झेंडेवाल्यांना नवी नाही. रविवार पेठेतल्या एका दुकानानं तर त्यासाठी ‘स्वागत संच’च काढला आहे. हे परीक्षण त्या संचाचं. दुकानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण यातल्या बहुतेक चुका त्या गल्लीत कुठेही गेलात तरी भेटतील.

संचात पाच गोष्टी आहेत. बाहेर खांबावर लावायचा ९० सेंटिमीटर उंचीचा झेंडा, शिवलेला १,४५० रुपयांना किंवा छापलेला ५५० रुपयांना. टेबलावरची भारत-स्वीडन जोडी, २८० रुपये. स्वीडनच्या राजचिन्हाचा पाच बाय आठ फुटी फ्लेक्स, १,२०० रुपये. भेट द्यायला लाकडी लाल घोडा, ६५० रुपये. आणि देशाचा इतिहास सांगणारं चारपानी माहितीपत्रक, फुकट. निकाल आधीच सांगतो: शिवलेला झेंडा जरूर घ्या, पण मापं तुम्ही लिहून द्या. छापील घेऊ नका. फ्लेक्स घेऊ नका. घोडा घ्यायचाच तर शेपूट काढून घ्या. माहितीपत्रक पाहुण्यांच्या हातात पडू देऊ नका.

आता मापाकडे. स्वीडनच्या झेंड्याचं माप २२ जून १९०६ च्या कायद्यानं ठरलं. आज लागू आहे तो १९८२ चा कायदा, पण आकृती तीच राहिली. उंची ५, लांबी ८. उंचीचे दहा भाग केले तर वरचा निळा ४, मधला पिवळा २, खालचा निळा ४. लांबीचे सोळा भाग केले तर काठीकडचा निळा ५, पिवळा २, मोकळ्या बाजूचा निळा ९. दोन्हीकडे एका भागाची लांबी सारखीच, म्हणून आडवा आणि उभा पट्टा एकाच जाडीचा. ९० सेंटिमीटर उंचीला एक भाग ९ सेंटिमीटरचा होतो. म्हणजे उंचीत ३६, १८, ३६ आणि लांबीत ४५, १८, ८१, एकूण १४४. हा हिशेब तिसरीतलं पोर करेल, पण झेंड्यांच्या बाजारात तो कोणी करत नाही. इथे सगळं चित्र बघून चालतं.

दुकानातल्या शिवलेल्या नमुन्याची लांबी १४४ भरते, उंची ९०. पट्टेही १८ चे. इथवर शाबास. पण काठीकडचा निळा भाग ४५ ऐवजी ३६ सेंटिमीटर आहे आणि पलीकडचा ८१ ऐवजी ९०. म्हणजे काठीकडचे दोन्ही निळे तुकडे अचूक चौरस. हे चौरस डेन्मार्कचे आहेत. डेन्मार्कच्या लाल झेंड्यात काठीकडचे दोन्ही भाग चौरसच असावे लागतात. स्वीडनच्या झेंड्यात ते आडवे आयत असतात, पाचास चार. कटिंग मास्तरांनी बहुधा एकदा डेन्मार्कचा झेंडा शिवला आणि तेच खाकी कागदाचे साचे पुढे सगळ्या क्रूसवाल्या देशांना लावले. रंग स्वीडनचा, सांगाडा डेन्मार्कचा. या दोन देशांचा इतिहास माहीत असलेल्याला हे पाहून हसू येईल की राग, सांगता येत नाही. फिनलंडची गोष्ट आणखी वेगळी: तिथे पट्टा जाडजूड, उंचीत ४:३:४ आणि लांबीत ५:३:१०. नॉर्वे आणि आइसलंड तर क्रूसात दुसरा क्रूस बसवतात. एका साच्यावर पाच देश निघत नाहीत.

छापील झेंड्याची चूक निराळी. बाजारात तयार मिळणारं माप तीन बाय पाच फूट, म्हणजे साधारण ९० बाय १५०. दुकानाच्या संगणकात चित्र ५:८ चं असतं, ते ओढून ३:५ च्या चौकटीत बसवतात. लांबीचा एक भाग ९ ऐवजी ९.३८ सेंटिमीटर होतो आणि उभा पट्टा आडव्यापेक्षा पाऊण सेंटिमीटरनं जाड दिसतो. टेबलावरच्या छोट्या झेंड्यात नेमकं उलट घडतं. तिथे चौकट तिरंग्याची, १५० बाय १०० मिलिमीटर. आडवा पट्टा २० मिलिमीटर, उभा १८.७५. एकाच संचातला मोठा झेंडा फुगलेला आणि छोटा आवळलेला. दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

रंगाचं दुखणं मापापेक्षा चिवट आहे. स्वीडननं १९८० च्या दशकात रंग एनसीएस या रंगांना आकडे देणाऱ्या पद्धतीनं बांधून टाकले; ही पद्धतही स्वीडनचीच. निळा ४०५५-आर९५बी आणि पिवळा ०५८०-वाय१०आर. वाचायचं असं: पहिले दोन आकडे काळेपणाचे, पुढचे दोन रंगाच्या तीव्रतेचे, आणि शेवटचा तुकडा छटेचा. निळ्यात काळेपणा ४०, तीव्रता ५५, आणि छटा जवळजवळ शुद्ध निळी, लालाचा जेमतेम पाच टक्के स्पर्श. पिवळ्यात काळेपणा नावाला, तीव्रता ८०, आणि लालाकडे दहा टक्के झुकाव. म्हणजे निळा ना शाईचा, ना आभाळाचा, मधला, दमदार. पिवळा लिंबापेक्षा उबदार, पण झेंडूच्या बराच अलीकडे.

रविवार पेठेतल्या दुकानात ताग्यांची रचना इथल्या गिऱ्हाइकाप्रमाणे असते. सगळ्यात जास्त भगवा, मग पंचशील ध्वजाचे रंग, मग एप्रिलमध्ये उचलला जाणारा गडद निळा, आणि जेजुरीला जाणाऱ्यांसाठी भंडाऱ्याचा पिवळा. यातला गडद निळा आणि भंडारा-पिवळा घेऊन स्वीडन शिवला की तो फार गंभीर दिसतो, निळा काळवंडतो आणि पिवळा नारिंगीकडे पळतो. दुकानदाराची यात लबाडी नाही; हाताशी तेच तागे असतात. मागवून घेतलं तर योग्य निळा मिळतो, दोन दिवस जास्त लागतात. कापडाचा तुकडा ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. बाहेर सावलीत न्या, दुपारच्या आधी. ट्यूबखाली निळ्यातला फरक जवळपास मरतो.

छापील झेंड्यात निळा वेगळ्या वाटेनं बिघडतो. पडद्यावरचा निळा छपाईच्या शाईत उतरताना जांभळटतो, विशेषतः सॅटिनवर उष्णतेनं छाप उतरवतात तेव्हा. शिवाय छाप एकाच बाजूनं. मागून झेंडा धुवट दिसतो, आणि वारा काही समोरूनच येईल असं नाही.

आता ज्यासाठी १,४५० रुपये मोजायचे ते, शिवण. इथे दुकानाला मनापासून दाद. जोड दुहेरी टिपेचे, दोन्ही कडा आत दुमडून घेतलेल्या, त्यामुळे मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ. काठीकडच्या बाजूला जाड सुती पट्टी, तिच्यात दोरी ओवलेली. चारी कोपऱ्यांना तिकोनी ठिगळं. मोकळ्या बाजूची दुमड चार टिपांची, आणि ती असायलाच हवी, कारण झेंडा फाटायला सुरुवात त्याच टोकापासून होते. पितळी आयलेट चांगले आहेत, पिळून पाहिले तरी सैल झाले नाहीत.

पण विचारून घ्या: पिवळा क्रूस निळ्यावर वरून शिवणार की निळ्याचे चार तुकडे कापून मध्ये पिवळा जोडणार? वरून शिवणं मास्तरांना सोपं पडतं, एक अखंड निळा आणि वर दोन पट्ट्या. पण झेंड्याचं कापड पातळ असतं. उन्हात धरलं की पिवळ्यामागचा निळा आरपार दिसतो आणि सोनेरी क्रूस शेवाळी होतो. भिंतीवर लावायचा असेल तर चालेल. खांबावर लावायचा असेल तर जोडकामच हवं, नाहीतर निदान पिवळ्यामागचा निळा कापून काढायला सांगा.

जोडकामाची कापमापं अशी, ९० बाय १४४ च्या झेंड्याला. प्रत्येक जोडाला दीड सेंटिमीटर मार्जिन, वरखाली आणि काठीकडे अडीच, मोकळ्या बाजूला पाच. काठीकडचे दोन निळे तुकडे ४९ बाय ४०. पलीकडचे दोन निळे ८७.५ बाय ४०. उभ्या पट्ट्याचे दोन पिवळे तुकडे २१ बाय ४०. आडवी पिवळी पट्टी एकच, १५१.५ बाय २१. आधी वरची ओळ जोडायची: निळा, पिवळा, निळा. मग खालची. दोन्ही ओळी जोडल्यावर १५१.५ भरल्या पाहिजेत; भरल्या नाहीत तर लांब पट्टीला हात लावू नये. शेवटी लांब पट्टी मध्ये. ती जोडताना वरच्या आणि खालच्या पिवळ्याची टोकं समोरासमोर येतात ना, हे टाचण्या लावून बघायचं. अर्धा सेंटिमीटर सरकलं तरी क्रूस मोडल्यासारखा दिसतो. नेहमीची चूक म्हणजे पट्टी १८ ची कापणं आणि मार्जिन त्यातच धरणं. मग हातात १५ ची पट्टी उरते आणि निळा भाग वाढतो.

कापड पॉलिएस्टरच घ्या. दुकान सुतीचा आग्रह धरतं, दिसायला छान म्हणून. आत, भिंतीवर, सुती जरूर शोभतं. बाहेर पुण्याचा जून-जुलै आहे. सुती निळ्याचा रंग पहिल्या दोन सरींत सुटला तर तो पिवळ्यावर उतरतो, आणि निळा-पिवळ्याचं काय होतं ते चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी पाहिलं आहे. सुतीच हवं असेल तर निळ्याची चिंधी आधी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. एक आगाऊपणा मात्र हमखास टाळा. आतल्या झेंड्याला दुकान न विचारता सोनेरी झालर लावतं. कायद्यातल्या आकृतीत झालर नाही. झालर लावली की तो झेंडा मिरवणुकीतलं निशाण वाटायला लागतो.

दुकानाच्या अल्बममध्ये स्वीडनच्या पानावर तीन टोकांचा, जिभांसारखा कापलेला झेंडाही आहे, ‘भारी मॉडेल’ म्हणून दोनशे रुपये जास्त. तो घेऊ नका. ती टोकं धरून त्याचं प्रमाण १:२ होतं, मधलं टोक पिवळं. तो राजघराण्याचा आणि सैन्यदलांचा झेंडा आहे. साध्या नागरिकानं किंवा कंपनीनं तो लावायचा नसतो.

टेबलावरच्या जोडीबद्दल थोडक्यात. काठी लाकडी, बूड वजनदार, पंख्याच्या वाऱ्यानं पडत नाही. स्वीडनचा छोटा झेंडा १०० मिलिमीटर उंचीला १६० लांब करून मागा. तिरंगा १५० बाय १०० च राहू दे. लांबी जुळवू नका, उंची जुळवा. मांडणीत आपली ध्वजसंहिता स्पष्ट आहे: काठ्या एकमेकींना छेदून लावल्या असतील तर तिरंगा त्याच्या स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे, आणि त्याची काठी दुसरीच्या पुढे. दुकानातल्या मांडणीत काठी मागे होती. एक गैरसमजही काढून टाकावा. स्वीडनचा झेंडा काठीच्या डावीकडे पसरला तर त्यातला उभा पट्टा बघणाऱ्याच्या उजवीकडे दिसतो. ती उलटी छपाई नव्हे, मागची बाजू आहे. कुठल्याही बाजूनं पाहा, पट्टा काठीच्या जवळ असला की झालं.

फ्लेक्सवर आपण पुणेकरांचा भारी जीव. पण हा नको. दुकानानं त्यावर स्वीडनचं मोठं राजचिन्ह छापलं आहे, तेही जालावरून उचललेल्या बारीक चित्रावरून, त्यामुळे पाच फुटांवर सगळं फुटलेलं. मोठं राजचिन्ह राजाचं आणि क्वचित प्रसंगी सरकारचं. राज्य रोज वापरतं ते छोटं: निळ्या ढालीवर तीन सोनेरी मुकुट, वर दोन आणि खाली एक, ढालीच्या माथ्यावर राजमुकुट. स्वीडनमध्ये १९७० च्या एका कायद्यानं ही चिन्हं धंद्यात विनापरवानगी वापरायला मनाई आहे. तो कायदा पिंपरीत चालत नाही हे खरं, पण आपल्या सिंहमुद्रेसाठीही २००५ चा कायदा आहेच, आणि कुठल्या परदेशी कंपनीनं ती आपल्या सभेच्या पडद्यावर छापली तर आपल्याला काय वाटेल? पाहुण्यांनाही तेच वाटणार.

मोठ्या चिन्हात बघण्यासारखं खूप आहे, म्हणून हळहळ वाटते. सोनेरी क्रूसानं ढालीचे चार भाग केलेले. दोन भागांत तीन मुकुट, दोन भागांत फोल्कुंग घराण्याचा सिंह, तिरक्या चंदेरी पट्ट्यांवर झेपावणारा. मधल्या छोट्या ढालीत अर्ध्यात वासा घराण्याची पेंढी आणि अर्ध्यात बर्नाडोट घराण्याचं चिन्ह: पाण्यावरचा पूल, वर नेपोलियनचा गरुड आणि त्याच्याही वर सप्तर्षी. होय, आपलेच सप्तर्षी, उत्तरेकडचे सात तारे. पूल आणि गरुड तिथे का? आजचं राजघराणं ज्याच्यापासून सुरू झालं तो झाँ-बाप्तिस्त बर्नाडोट नेपोलियनचा सेनानी होता, इटलीतल्या पोंतेकोर्वोचा राजपुत्र. त्या गावाच्या नावातच पूल आहे. १८०९ मध्ये फिनलंड रशियाला गमावलेल्या स्वीडननं १८१० मध्ये त्याला वारस म्हणून निवडलं आणि १८१८ मध्ये तो गादीवर बसला. फ्लेक्सवर या पुलाचा ठिपका झाला आहे आणि सप्तर्षी गायब.

तीन मुकुटांसाठी युद्धही झालं आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर डेन्मार्कच्या राजानं आपल्या ढालीत तेच तीन मुकुट घातले. स्वीडनला तो हक्क सांगितल्यासारखा वाटला, आणि १५६३ ते १५७० या सात वर्षांच्या युद्धाच्या कारणांत मुकुटांचं भांडण ठळकपणे होतं. स्टॉकहोमच्या नगरसभागृहाचा १०६ मीटरचा मनोरा १९२३ मध्ये उभा राहिला, त्याच्या टोकावरही तेच तीन मुकुट आहेत. फ्लेक्समधून काही घ्यायचंच असेल तर नुसत्या निळ्या पार्श्वभूमीवर पिवळा क्रूस छापून घ्या, प्रमाण ५:८.

माहितीपत्रकात चार पानांत चार मोठ्या चुका आहेत आणि त्या फुकटात मिळतात. पहिली: ‘६ जून, स्वीडनचा स्वातंत्र्यदिन’. मुखपृष्ठावर. स्वीडनला आपल्यासारखा स्वातंत्र्यदिन नाही. १३९७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका राजछत्राखाली आले, तो काल्मार संघ. त्यात स्वीडनचे लोक वारंवार बाहेर पडत आणि परत ओढले जात. १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान यानं स्टॉकहोमात सरदार, बिशप आणि नागरिकांची कत्तल केली. त्यानंतरच्या उठावाचा पुढारी गुस्ताव वासा ६ जून १५२३ रोजी स्ट्रेंग्नेस इथे राजा निवडला गेला आणि संघ संपला. १८०९ मध्ये नवी राज्यघटना स्वीकारली गेली तोही ६ जूनच. दिवसाचा सण व्हायला मात्र फार वेळ लागला. स्टॉकहोमच्या स्कानसेन या खुल्या संग्रहालयात १८९० च्या दशकात तो साजरा होऊ लागला, १९१६ पासून ‘स्वीडनच्या झेंड्याचा दिवस’ झाला, १९८३ मध्ये अधिकृत राष्ट्रीय दिन आणि २००५ मध्ये सुट्टी. सुट्टी मिळाली ती ख्रिस्ती पंचांगातल्या एका सोमवारच्या सुट्टीच्या बदल्यात, म्हणून तिथेही कुरकुर झाली. तेव्हा पत्रकावर ‘राष्ट्रीय दिन’ लिहा. पाहुण्यांना ‘स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा’ देऊ नका.

दुसरी चूक: राजा एरिकला ११५७ मध्ये निळ्या आभाळात सोनेरी क्रूस दिसला आणि झेंडा जन्मला, असं ठामपणे छापलं आहे. ही दंतकथा आहे, फिनलंडवरच्या स्वारीशी जोडलेली, आणि १२१९ मध्ये आभाळातून पडलेल्या डॅनिश झेंड्याच्या कथेची बहीण शोभावी अशी. झेंड्याचा भरवशाचा माग सोळाव्या शतकातच लागतो. १५६९ मध्ये राजा तिसऱ्या योहाननं निशाणांवर पिवळा क्रूस असावा असा हुकूम काढला. ढालीतला निळा-सोनेरी मेळ त्याहून जुना, चौदाव्या शतकातला. दंतकथा जरूर छापा, पण ‘अशी आख्यायिका आहे’ हे शब्द जोडून.

तिसरी चूक चित्रात आहे. ‘प्राचीन राजध्वज’ म्हणून जो झेंडा दाखवला आहे त्याच्या काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात लाल-पांढऱ्या-निळ्या-पिवळ्या तिकोनांची गर्दी आहे. तो प्राचीन नाही आणि नुसता राजाचाही नाही. १८१४ ते १९०५ नॉर्वे आणि स्वीडन एका राजाखाली होते. १८४४ पासून दोन्ही देशांच्या झेंड्यांवर समानतेची खूण म्हणून हे मिश्र चिन्ह आलं. लोकांनी त्याला ‘हेरिंगचं सॅलड’ म्हणून चिडवलं, रंगांची खिचडी बघून. नॉर्वेनं व्यापारी झेंड्यावरून ते १८९९ मध्येच काढलं. स्वीडननं जोडराज्य मोडल्यावर, १ नोव्हेंबर १९०५ ला. पुढच्याच वर्षी तो १९०६ चा कायदा आला. चित्र छापायचं असेल तर खाली वर्षं लिहा, ‘१८४४ ते १९०५’.

चौथी चूक राष्ट्रगीताखाली, ‘संसदेनं मंजूर केलेलं’. रिचर्ड डिबेक यांनी १८४४ मध्ये एका लोकधुनेवर शब्द बांधले, पण कोणत्याही कायद्यानं ते राष्ट्रगीत म्हणून जाहीर झालेलं नाही. म्हणता म्हणता झालं. राष्ट्रीय पक्षी ब्लॅकबर्ड हे बरोबर आहे, तो १९६२ मध्ये एका वृत्तपत्राच्या मतदानातून निवडला गेला. फुलाच्या जागी मात्र जुनं उत्तर आहे. २०२१ पासून मतदानानं निवडलेलं फूल म्हणजे घंटेच्या आकाराचं निळं हेअरबेल.

घोडा. दालार्ना प्रांतातला हा लाल घोडा झेंड्याइतकाच ओळखीचा, १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानंतर तर जास्तच. मोरा गावाजवळच्या नूस्नेस इथे तो अजून हातानं होतो: पाइनचं लाकूड करवतीनं कापायचं, सुरीनं तासायचं, रंगात बुडवायचं, गाठींच्या खाचा पुटीनं बुजवायच्या, घासायचं, पुन्हा रंग, आणि शेवटी एकाच कुंचल्यावर दोन रंग घेऊन एका फटक्यात पानाफुलांची वळणं काढायची. रविवार पेठेतला घोडा खराद्यावर फिरवलेल्या लाकडाचा आहे, म्हणून पोट ढोलकीसारखं गोल. खरा घोडा पैलूदार असतो, सुरीची धार दिसते. लाल रंग चांगला उतरला आहे, थोडा नारिंगीकडे झुकणारा, तो तसाच हवा. नक्षी मात्र एकरंगी, स्टेन्सिलची. आणि तागाची शेपूट! दालाच्या घोड्याला वेगळी शेपूट नसते. मुळाशी ओढली की ती निघते, भोक पुटीनं बुजवा. सावंतवाडीच्या कारागिराला चित्र आणि माप दिलं तर याहून बरा घोडा मिळेल. पण मग तो सावंतवाडीचा म्हणूनच भेट द्यावा, जास्त खरा वाटेल.

खांबाचा हिशेब दुकान विचारत नाही. स्वीडनमध्ये झेंड्याची लांबी खांबाच्या उंचीच्या चौथाई धरतात. सहा मीटरच्या खांबाला दीड मीटर, म्हणजे ९० बाय १४४ बरोबर बसतो. आठ मीटरच्या खांबाला २०० बाय १२५ मागा, तेवढ्यासाठी दुकान २,३०० रुपये सांगतं. शेजारी तिरंगा लावणार असाल तर दोन खांब वेगळे, उंची सारखी, आणि तिरंगा ओळीत त्याच्या उजव्या टोकाला. स्वीडनच्या रिवाजात झेंडा मार्च ते ऑक्टोबर सकाळी आठला आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी नऊला चढतो, सूर्यास्ताला उतरतो, फार तर रात्री नऊपर्यंत. पुण्यात सूर्य सहा-सातच्या आसपासच मावळतो, त्यामुळे वॉचमनला ‘दिवेलागणीला उतरव’ एवढं सांगितलं तरी पुरे.

ऑर्डर देताना मोबाइलवर चित्र दाखवू नका. कागदावर आयत काढा, लांबीवर ४५, १८, ८१ लिहा, उंचीवर ३६, १८, ३६, खाली ‘मार्जिन सोडून’ असं ठळक, आणि ‘वरून शिवू नये, जोडून शिवावा, झालर नको’. कागदाची एक प्रत दुकानाच्या शिक्क्यानिशी स्वतःकडे ठेवा. चार दिवस सांगतात, निळा तागा मागवायचा असेल तर सहा. शनिवारी दिलेली ऑर्डर सोमवारी सुरू होते. माप चुकलं तर लेखी कागद दाखवल्यावर दुकान पैसे न घेता दुसरा शिवून देतं. नुसत्या चित्रावर दिलेल्या ऑर्डरला ही सवलत नाही.